दादाच्या हातचे नमुने

मी जंतूंची आचारीण आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. संस्थेत सगळे मला याच नावाने हाक मारतात. आमची प्रयोगशाळा जनावरांच्या रोगांवर काम करते आणि तिच्या मागच्या खोलीत मी सव्वीस वर्षं जंतूंसाठी खाणं शिजवते आहे. अगार, म्हणजे जेलीसारखा थिजणारा पदार्थ, पाण्यात विरघळवायचा, वाफेवर ठेवायचा, कोमट झाला की त्यात रक्त मिसळायचं आणि एकही बुडबुडा न येऊ देता चपट्या प्लेटांमध्ये ओतायचं. थिजलं की त्यावर दुधाचा थेंब रेघेरेघेने पसरतात आणि प्लेट उबदार कपाटात ठेवतात. दुधात जंतू असले तर दुसऱ्या दिवशी ते ठिपक्यांसारखे उगवून येतात. घरी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारे खूप आहेत, पण जंतूंनी आजवर पानात काही टाकलेलं नाही.

या प्लेटा मी ज्यांच्यासाठी ओतल्या त्या आमच्या डॉक्टरबाई. जनावरांच्या डॉक्टर, पण सुई टोचणाऱ्या नव्हेत; गाईंना होणाऱ्या जंतूंच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एका प्लेटमध्ये एक बुडबुडा दिसला म्हणून त्यांनी माझ्या चाळीस प्लेटा परत पाठवल्या होत्या आणि मी आठवडाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. पुढे कळलं की त्या स्वतःलाही असंच वागवतात. लिहिलेला आकडा तीनदा तपासायच्या, आणि तिन्ही वेळा बरोबर आला की आपलंच काहीतरी चुकत असणार म्हणून चौथ्यांदा. अशा बाईंच्या हातून चूक झाली ती एकाच माणसाच्या बाबतीत. तीच सांगायला बसले आहे.

तो माणूस म्हणजे दादा. बाईंचा थोरला भाऊ, आणि संस्थेच्याच गोठ्याचा मुकादम. गोठा प्रयोगशाळेच्या मागे, हाकेच्या अंतरावर, चौऱ्याण्णव गाई. आई गेली तेव्हा बाई चार वर्षांच्या होत्या आणि दादा पंधराचा. वडील त्याआधीच गेलेले. दादाने शाळा सोडली, गोठ्यात वैरण तोडायला लागला आणि गोठ्यामागच्या एका खोलीत त्याने बहिणीला वाढवलं. सकाळी धारा काढायला जाताना तिला एकटीला ठेवायचं कसं, म्हणून पोत्यात गुंडाळून वैरणीच्या ढिगावर बसवायचा. वेण्या त्यानेच घातल्या, घासही त्यानेच भरवले. बाई सात वर्षांच्या असताना कास सुजून एक गाय मेली. "कशाने मेली?" बाईंनी विचारलं. "कुणालाच कळत नाही गं," दादा म्हणाला. बाईंनी ते मनावर घेतलं. त्या शिकत गेल्या, तो शिकवत गेला, आणि स्वतःचा संसार थाटायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. बावन्न वर्षांच्या, जाड भिंगांच्या, अख्ख्या इमारतीला धाकात ठेवणाऱ्या या बाईंना तो भर प्रयोगशाळेत "चिमणे" अशी हाक मारायचा आणि आम्ही हसू दाबायला टेबलाखाली काहीतरी शोधायला लागायचो.

तीन वर्षांपूर्वी गोठ्यात कासदाह शिरला. गाईची कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. औषध दिलं की उतरल्यासारखं व्हायचं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच दोन गाई सुजायच्या. प्लेटवर सोनेरी ठिपके उगवणारा एक जंतू याच्या मुळाशी होता. हा एकदा कासेत घर करून बसला की औषधाला दाद देत नाही. मग त्या गाईला कळपातून काढावं लागतं. ट्रक येतो. फळीवर पाय ठेवायला गाय तयार होत नाही. दादा दावं हातात घेऊन पुढे चालायचा आणि ती मुकाट्याने त्याच्यामागे चढायची. ट्रक गेला की तिचं दावं तो दिवसभर खांद्यावरून उतरवायचा नाही.

हा जंतू एका गाईपासून दुसरीकडे जातो कसा, हे शोधायचं काम बाईंनी हाती घेतलं. दर महिन्याला प्रत्येक गाईच्या चारही सडांमधलं दूध वेगवेगळ्या नळ्यांत घ्यायचं. तीनशे शहात्तर नळ्या, चार दिवसांचं काम. गोठ्यात एरवी दूध यंत्राने काढतात, पण नमुन्याचं दूध हातानेच घ्यावं लागतं, आणि परक्या हाताला गाई पान्हा सोडत नाहीत. म्हणून नमुने घ्यायचे ते दादाने. नियम बाईंनी भिंतीवर लावले होते. प्रत्येक गाईनंतर जंतुनाशकात हात बुडवायचे, आणि गाईला हात लावणाऱ्या प्रत्येकाने रबरी मोजे घालायचे. सहा धारवाले होते, सहाही जण कुरकुरत का होईना घालायला लागले. दादानेही घातले. दोन गाई झाल्या आणि त्याने ते काढून खिशात ठेवले.

"चिमणे, याने मला कास कळतच नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्याची उघडी बोटं कासेवरून फिरली की तो सांगायचा, ही दोन दिवसांत सुजणार. आणि ती सुजायचीच. बाईंनी आपल्या पद्धतीने ते पडताळून पाहिलं होतं; त्यांच्या प्लेटांच्या आधी दादाची बोटं सांगत होती. शिवाय तो दादा होता. बाईंनी त्याला सूट दिली. मोजे नकोत, पण हात गाईगणिक नव्हे, सडागणिक बुडवायचे. मी सव्वीस वर्षांत त्यांना कुणाला सूट देताना पाहिलं ते एवढंच.

तो हात बुडवत राहिला. फेरीच्या दिवशी शंभर-शंभर वेळा. थंडीत त्याची बोटं फाटली, पेरापेरांवर चिरा पडल्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "दादा, रात्री तरी मलम लावत जा."

"मलमाचा वास बोटांना राहतो. चिमणीचा नमुना बिघडेल," तो म्हणाला, आणि नळ्यांचा ट्रे माझ्या ओट्यावर अलगद ठेवून निघून गेला.

दोन वर्षांत एक्केचाळीस गाई झाल्या. अठरा बऱ्या झाल्या, तेवीस ट्रकमध्ये गेल्या. बाई त्या जंतूच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. यंत्राच्या नळ्या तपासून झाल्या, पाणी झालं, कास पुसायची फडकी झाली, जमीन झाली, माश्यासुद्धा पकडून झाल्या. कुठेही काही सापडेना. बाईंचं वजन उतरलं. आता फक्त माणसांचे हात तपासायचे राहिले होते.

"उद्या धारवाल्यांच्या हातांचे नमुने घेणार आहे," त्या मला म्हणाल्या. "सहा प्लेटा ओत."

मी बोटांवर मोजलं. "सहा कशा? दादा धरून सात ना?"

"दादा नमुने घेतो."

"तेच म्हणते मी."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, परत घातला. "सात ओत," त्या म्हणाल्या.

तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं आहे. गोठ्यातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या यादीत होती, माश्यासुद्धा होत्या, आणि हा एक माणूस नव्हता. नमुन्याची नळी कुणी यादीत धरतं का? दादा त्यांच्यासाठी तसाच होता. कामाचाच एक भाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. सहा प्लेटांवर इकडचं तिकडचं किरकोळ काहीतरी होतं. सातवी काठोकाठ सोनेरी ठिपक्यांनी भरली होती.

"माणसाच्या अंगावर असतोच की हा जंतू," मी घाईघाईने म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं."

"असतो," बाई म्हणाल्या. "जातकुळी बघायला हवी."

जंतूंचीही घराणी असतात. दिसायला सगळे सारखे, पण आतली ठेवण तपासली की कोण कुणाचं ते कळतं. त्या तपासणीला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस बाई माझ्या खोलीत येऊन नुसत्या बसायच्या, आणि मी प्लेटा ओतायचे. निकाल आला. एक्केचाळीस गाईंच्या कासेतला जंतू आणि दादाच्या बोटांच्या चिरांमधला जंतू एकाच घराण्याचे होते. बाईंनी मग नमुने घेतल्याच्या तारखा आणि गाई आजारी पडल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. दर फेरीनंतर पंधरा दिवसांच्या आत नवी गाय. पहिल्या एक-दोन गाईंना रोग कुठून तरी आला असेल, पण पुढे तो कुणी पसरवला याला शंका उरली नव्हती. रोगाचा माग काढायला म्हणून जी फेरी काढली होती, तिनेच तो गोठाभर फिरवला होता.

"माझ्या औषधाने त्याचे हात फाटले," बाई ओट्याला धरून म्हणाल्या. "मोजे मीच काढू दिले. आणि मीच त्याला यादी देऊन गाय गाय फिरवलं."

मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

गोठ्याचे अधीक्षक दादाचे जुने दोस्त. ते धावत आले. "स्रोत सापडला नाही असं लिहून टाका," ते म्हणाले. "दादाला मी हळूच वैरणीच्या कामावर घेतो. दोन वर्षांनी निवृत्तच होणार आहे बिचारा. त्याला कशाला कळू द्यायचं?"

मला ते शंभर टक्के पटलं. मी तसं बोललेही. "बाई, नका लिहू. कुणाचं काय अडलंय? जंतूचं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा."

"दुसऱ्या गोठ्यांतही कुणाची तरी बोटं अशीच फाटली असतील," त्या म्हणाल्या. "आणि त्यालाही कुणीतरी सूट दिली असेल. लिहावं लागणारच. ते जमेल मला. पण त्याच्याशी कसं बोलू, तेवढं सांग."

मी प्लेटा धुवायला घेतल्या. मला राग आला होता. बाईंचा, संशोधनाचा, माझ्या स्वतःच्या मोजणीचा.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी दादा रिकामे ट्रे न्यायला माझ्या खोलीत आला. बाई तिथेच होत्या.

"दादा, बस जरा."

"काय झालं? कुठली गाय?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही आणि प्रत्येक वाक्यात स्वतःला पुढे केलं. औषध माझं, सूट माझी, यादी माझी. तो स्टुलावर बसून ऐकत होता आणि आपल्याच हातांकडे बघत होता, कुणीतरी दुसऱ्याचे हात त्याच्या मांडीवर आणून ठेवावेत तसा.

"सगळ्या एक्केचाळीस?" त्याने विचारलं.

"हो."

"त्या ट्रकमध्ये गेलेल्यासुद्धा?"

"दादा, चूक माझी आहे. तुझी नाही."

"मी आजारी गाईंना आधी घ्यायचो गं," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस, निरोगी आधी घे. पण तिला दुखत असताना ताटकळत कसं ठेवायचं? म्हणून आधी तिचं उरकायचो, आणि मग बाकीच्यांकडे जायचो. तुला बोललो नाही."

बाईंना हे माहीत नव्हतं. त्या खाली, फरशीवर, त्याच्या पायांशी बसल्या.

त्याने दोन्ही हात उलटे करून तळवे पाहिले. मग तो म्हणाला, "तुला मी याच हातांनी भरवलंय. तेव्हा तुला काही झालं नव्हतं ना?"

"नाही रे दादा."

"नीट तपासून घे एकदा."

मी उठून आत गेले आणि भांडी धुवायच्या मोरीतला नळ पूर्ण सोडला. मी सहसा रडणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी कामावर आले होते. त्या दिवशी मात्र नळ बंद करायचं भान मला अर्धा तास राहिलं नाही.

बाहेर आले तेव्हा दादा जायला निघाला होता. "लिही तू," तो बाईंना सांगत होता. "पण माझं नाव येईल का त्यात?"

"नाव नाही येत. क्रमांक असतो. तुझा सात आहे."

"गाईंना असतो तसा?"

"हो, तसाच."

"मग चालेल," तो म्हणाला. ट्रे न घेताच गेला.

त्याला रजेवर पाठवलं. हातांना मलम, आत घ्यायचं औषध, पाण्यात हात घालायची बंदी. नमुने आता एका धारवाल्याने मोजे घालून घ्यायला सुरुवात केली. निम्म्या नळ्या रिकाम्या यायच्या, पण निम्म्या तरी भरून यायच्या. आणि रोग थांबला. पहिल्या महिन्यात एकही नवी गाय नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. बाईंचं म्हणणं खरं ठरलं याचा याहून मोठा पुरावा कुठला असणार? बाईंचा निबंध छापून आला. लांबलांबच्या गोठ्यांवरून पत्रं आली, तुमच्यामुळे आम्ही आमच्या माणसांचे हात तपासले, म्हणून. संचालकांनी सभेत कौतुक केलं. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. टाळ्या वाजवायला माझे हात उचलले गेले नाहीत.

दादाच्या चिरा भरून आल्या. बाईंनी आठ-आठ दिवसांनी तीन वेळा त्याच्या बोटांचा नमुना घेतला. तिन्ही वेळा माझी प्लेट होती तशी कोरी राहिली. तिसरी प्लेट कपाटातून काढली तेव्हा बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. ती तशीच हातात घेऊन त्या गोठ्याकडे निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चल." मीही काम टाकून गेले.

धारांची वेळ होती. दादा रोज त्या वेळेला यायचा, पण कुंपणाच्या आत पाऊल टाकायचा नाही. हात पाठीमागे बांधून बाहेर उभा राहायचा आणि धारा संपल्या की खोलीवर परत जायचा.

"दादा, हे बघ," बाईंनी प्लेट त्याच्यापुढे धरली. "काही नाही. तिन्ही वेळा काही नाही. अधीक्षकांनीही हो म्हटलंय. हवं तर मोजे घाल, पण ये आत."

त्याने प्लेटकडे पुष्कळ वेळ पाहिलं. हातात मात्र घेतली नाही.

"दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "तूच सांगत आलीस ना मला इतकी वर्षं?"

बाईंनी प्लेट खाली घेतली आणि गोठ्याच्या कडेला पाहिलं. 

गोठ्यात कडेला आक्का बांधलेली होती. गोठ्यातली सगळ्यात म्हातारी गाय, आजारातून उठलेल्या अठरांपैकी एक. चार दिवसांपूर्वी व्याली होती. यंत्र लावलं की लाथा झाडायची, आणि धारवाल्यांपैकी कुणीही हात लावला की पान्हा चोरायची. वासरू इवलंसं, त्याचं पोट भरलं तरी कास भरलेलीच राहायची. आता ती ताठ झाली होती, सड बाजूला फाकले होते.

"तिची कास बघ," बाई म्हणाल्या. "आज मोकळी झाली नाही तर काय होईल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कळतं," दादा म्हणाला. "म्हणूनच नको म्हणतो."

"मग काय करू? हिलाही ट्रकमध्ये घालू?"

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "तू काढ. मी सांगतो इथून."

बाईंनी प्लेट माझ्या हातात दिली. मोजे चढवले आणि आक्काच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. कागदांवर आयुष्य गेलेलं. धार काढायला त्या कधी बसल्याच नव्हत्या. मी बादली पुढे सरकवली.

"डोकं टेकव तिच्या कुशीला," कुंपणापलीकडून दादा सांगत होता. "असं. आधी कास चोळ, घाई नको करू. आता वरून दाबत ये. ओढू नको गं, दाब. बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही बोल. तिला शब्द थोडेच कळतात? माणसाचा आवाज लागतो तिला."

बाई बोलायला लागल्या. आधी मला नीट ऐकू आलं नाही. मग कळलं, त्या एकच म्हणत होत्या, "ये ना रे दादा. ये ना आत. ये ना रे." बादलीत दोन-चार धारा वाजल्या आणि थांबल्या. आक्काने मान वळवली आणि दादाच्या दिशेने बघून हंबरली. बाई दाबत होत्या, सडातून थेंबही येत नव्हता. त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा घसरून नाकावर आला, कपाळ गाईच्या अंगात रुतलं, आणि त्या मोठ्याने, लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

फाटक उघडंच होतं. दादा कुंपणाच्या बांबूला छाती टेकून उभा होता. पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते पुसायलाही त्याने हात पुढे आणला नाही.

"रडू नको चिमणे," तो तिथूनच म्हणाला. "गाय बुजते."